परदेशी क्लबात खेळणारा रग्बी फॉरवर्ड आणि देशाच्या जर्सीचा घोळ

2025 च्या जूनमध्ये अंधेरीत सेव्हन्सची (सात-सात जणांच्या रग्बीची) लीग झाली तेव्हापासून आमच्या सांगली-मिरजेकडची कुस्ती-कबड्डीवाली पोरं पण पंधराची रग्बी बघायला लागलीत, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, एवढा तगडा गडी परदेशात खेळतोय तर स्वतःच्या देशाच्या टीमला का नको?

फार जुनं उगाळत नाही. 1895 ला उत्तर इंग्लंडच्या क्लबांनी बुडालेल्या मजुरीच्या भरपाईवरून वेगळी चूल मांडली, युनियनवाले, म्हणजे आताची पंधराची रग्बी खेळणारे, शंभर वर्षं हौशीच राहिले (कागदावर तरी), आणि ऑगस्ट 1995 ला पैसा उघड झाला. मग फ्रान्स, इंग्लंड, जपानचे क्लब बाहेरचे फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या फळीचे आठ गडी, उचलायला लागले. जास्त भाव तीन नंबरच्या टाइटहेड प्रॉपला, कारण स्क्रममध्ये (दोन्ही टीमचे फॉरवर्ड एकमेकांना भिडून रेटतात तिथं) त्याच्या दोन्ही खांद्यांवर समोरच्यांचा रेटा, तो सरकला की फॉरवर्डांचा अख्खा पॅक मागं.

खरी भानगड 2015 ची. इंग्लंडचा नियम असा की बाहेर खेळणाऱ्याला अपवाद म्हणूनच घ्यायचं. फ्रान्सच्या तुलाँमध्ये खेळणारा त्यांचा एक फ्लँकर (स्क्रमच्या कडेचा फॉरवर्ड) 2014 ला युरोपचा बेस्ट प्लेयर ठरला, तरी घरच्या वर्ल्डकपला त्याला घेतलंच नाही. ऑस्ट्रेलियाने मात्र 2015 च्याच एप्रिलमध्ये 60 पेक्षा जास्त टेस्ट (देशाकडून मॅच) आणि देशाच्या रग्बीत सात वर्षं झालेल्यांना वाट मोकळी केली, त्यातून तुलाँचाच एक सेंटर (मागच्या फळीतला गडी) परत आला आणि वर्ल्डकपात लंडनच्या ट्विकनहॅमला इंग्लंडविरुद्ध ट्राय मारून गेला. ऑस्ट्रेलिया 33-13 ने जिंकली. त्या मॅचमध्ये पडलेल्या बॉलवर ऑस्ट्रेलियाच्या एका फ्लँकरनं आणि आठ नंबरवाल्यानं धुमाकूळ घातला, म्हणजे नेमकी जी जागा इंग्लंडने रिकामी ठेवलेली. यजमान गटातच बाहेर. मिरजेचा पैलवान पुण्याच्या तालमीत राहतो म्हणून जिल्ह्याच्या निवड चाचणीला उभाच करायचा नाही, तसलं हे. क्लब टिकवायला नियम लागतो हे मान्य, पण अपवाद ठेवलाय तर तो वापरायचा कधी?

60 टेस्टची अट पण फॉरवर्डला जडच होती, प्रॉप मुरायलाच पंचविशी उलटते, तोवर मोजून कॅपा (देशाकडून खेळलेल्या मॅच) मिळतात. वेल्सने 2023 ला 60 च्या 25 केल्या ते बरं झालं.

दुसऱ्या देशाकडून खेळायचं तर आधी तीन वर्षं राहिलं की चालायचं, आता पाच लागतात. आणि 2022 पासून तीन वर्षं इंटरनॅशनल न खेळता थांबलं तर जन्माच्या किंवा आई-बाप, आजी-आजोबांच्या देशाकडं एकदा जाता येतं. त्यामुळंच लिमरिकमध्ये खेळणारा, दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला एक लॉक (स्क्रमच्या दुसऱ्या रांगेतला उंच फॉरवर्ड) 2019 चा वर्ल्डकप आयर्लंडकडून खेळला आणि 2023 चा दक्षिण आफ्रिकेकडून जिंकला, मधे क्लब तोच.