साइक्स: ओहोळाकाठचं आडनाव

दख्खनच्या माळरानावर तुरेवाला एक लहानसा चंडोल दिसतो. पक्षीनिरीक्षक त्याला 'साइक्सचा चंडोल' म्हणतात. १८३२ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं ते कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी. मुंबई सरकारसाठी आकडेवारी गोळा करत ते दख्खनभर हिंडले आणि वाटेत भेटलेले प्राणी-पक्षी नोंदवत गेले. आपल्या रानकुत्र्याचं 'कोळसून' हे मराठी नावही त्यांनी टिपून ठेवलं. मला हे आडनाव कितीतरी वर्षं एवढंच माहीत होतं: एका पक्ष्याच्या नावाचा अर्धा भाग. पण या कर्नलसाहेबांचा जन्म इंग्लंडच्या यॉर्कशरमधल्या ब्रॅडफर्डजवळचा, आणि साइक्स हे आडनावही मूळचं त्याच मुलखातलं.

त्या डोंगराळ, ओलसर भागात दलदलीतून वाहणाऱ्या बारीक ओहोळाला 'साइक' म्हणत. जुन्या इंग्रजीत हा शब्द आहे, आणि स्कँडिनेव्हियातून येऊन तिथे वसलेल्या नॉर्स लोकांच्या भाषेतही जवळपास असाच शब्द होता. ओहोळाकाठी राहणारा तो साइक्स, इतकी साधी ही गोष्ट.

इंग्लंडमध्ये आडनावं पिढ्यान्‌पिढ्या चालू राहण्याची रीत १०६६मध्ये फ्रान्सकडच्या नॉर्मनांनी देश जिंकल्यानंतर आली. आधी ती जमीनदारांत रुजली आणि पुढच्या तीनेकशे वर्षांत कुळांपर्यंत, कारागिरांपर्यंत उतरली. जमिनीचा वारसा सांगायला आणि कराची वसुली करायला गावातल्या दहा जॉनांमधला नेमका जॉन ओळखता यायला हवा होता. यॉर्कशरच्या पश्चिम भागातली १३७९ची डोईपट्टीची यादी आजही शाबूत आहे. माणसांची नावं आडनावांत गोठत होती तो काळ तिच्यात वाचायला मिळतो.

आता अडचण अशी, की ओहोळ काही एकच नसतो. म्हणून कागदपत्रं चाळणाऱ्यांचा अंदाज होता की साइक्स आडनावाची अनेक घराणी वेगवेगळ्या ठिकाणी, एकमेकांशी संबंध नसताना, उगवली असणार. तर्क अगदी बिनचूक वाटतो.

तो तपासायचं ठरवलं ते ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्स यांनी. जनुकशास्त्रज्ञ आणि स्वतः त्याच आडनावाचे! निमित्त घडलं ग्लॅक्सो या औषध कंपनीत दिलेल्या व्याख्यानाचं. कंपनीचे अध्यक्ष होते सर रिचर्ड साइक्स. तुम्ही नात्यातले का, असं कुणीतरी विचारलं. दोघांनाही तसं काही ठाऊक नव्हतं. डीएनए तपासला, तर दोघांचं वाय गुणसूत्र, म्हणजे पुरुषांतच असणारं गुणसूत्र, जुळलं.

इंग्रजी आडनाव बापाकडून मुलाकडे जातं. वाय गुणसूत्रही तसंच जातं, आणि त्याचा बहुतेक भाग इतर गुणसूत्रांसारखा दर पिढीला पत्त्यांसारखा पिसला जात नाही. त्यावर काही ठिकाणी डीएनएची तीच ती अक्षरं पुन्हापुन्हा येतात. ती किती वेळा येतात हा आकडा क्वचितच बदलतो. असे काही आकडे ओळीनं मांडले की पितृवंशाची खूण मिळते.

ब्रायन साइक्स आणि कॅथरीन अर्व्हन यांनी ४८ साइक्स पुरुषांची अशी चार ठिकाणं तपासली आणि २००० साली निष्कर्ष छापले. जवळजवळ निम्म्या पुरुषांची खूण एकच निघाली. त्याच भागातल्या इतर आडनावांच्या ज्या पुरुषांशी तुलना केली, त्यांच्यात ती खूण सापडली नाही. म्हणजे आजचे साइक्स बहुधा एकाच मूळपुरुषाचे. सातशे वर्षांपूर्वी एका ओहोळाकाठी राहणारा एक माणूस! चार ठिकाणं म्हणजे फार बारीक चाळण नव्हे हे खरं, पण तर्कानं उभ्या केलेल्या अनेक घराण्यांना हा मोठाच धक्का होता.

मग उरलेले निम्मे कुठले? दत्तक घेतलेला मुलगा, आईचं आडनाव लावणारा मुलगा, विवाहबाह्य संबंधातून झालेलं मूल: अशा प्रत्येक वेळी आडनाव पुढे जातं, पण वाय गुणसूत्र दुसऱ्याच घरचं असतं. संशोधकांनी याचं प्रमाण दर पिढीला सरासरी १.३ टक्के काढलं. लोक 'बेइमानी' म्हणून या आकड्याकडे बोट दाखवतात, ते मला पटत नाही. अनाथ पोराला घरात घेणाऱ्याची मायाही याच आकड्यात मोजली गेली आहे.

बाकीच्या ओहोळांवरचे साइक्स कुठे गेले, याचं एक उत्तर आडनावांच्या नशिबात आहे. एखाद्याला फक्त मुलीच झाल्या की त्याची शाखा आडनावापुरती संपते. फ्रान्सिस गाल्टन आणि हेन्री वॉटसन यांनी १८७४मध्येच या विझण्याचं गणित मांडलं होतं. पुढे लेस्टर विद्यापीठात तुरी किंग आणि मार्क जोबलिंग यांनी ४० आडनावांचे १,६७८ पुरुष तपासले. अॅटनबरो या दुर्मीळ आडनावाच्या जवळजवळ दहापैकी नऊ जणांचं वाय गुणसूत्र एकाच जातीचं निघालं. स्मिथ, म्हणजे लोहार, यांच्यात मात्र रस्त्यावरून कोणतेही पुरुष गोळा करावेत तितकीच विविधता होती. भाता तर गावोगावी होता.