फड मोकळा, कोपी कोंदट

24 मार्च 2020 च्या रात्री आठ वाजता लॉकडाउन जाहीर झाला, तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातल्या बऱ्याच साखर कारखान्यांचा पट्टा पडायला, म्हणजे हंगाम संपायला, आला होता. बीड, पाथर्डी, जालना, परभणी या भागांतून दिवाळीनंतर निघालेल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कोल्हापूर, सांगली, सोलापूरच्या फडांत, म्हणजे तोडीच्या उसाच्या शेतांत, होत्या. साखर जीवनावश्यक वस्तू, म्हणून गाळप थांबले नाही. गावाकडे जायचा रस्ता मात्र बंद झाला. काम चालू आणि घर बंद, अशी ही अजब टाळेबंदी होती.

मजुरांना मास्क लावून, अंतर ठेवून ऊस तोडायला सांगितले गेले. पण खरा धोका फडात फारसा नव्हताच. बोलताना, खोकताना तोंडातून जे सूक्ष्म थेंब उडतात, ते मोकळ्या रानात वाऱ्याने पांगतात. उन्हातली अतिनील किरणे विषाणूला लवकर निकामी करतात. दोन कोयते, म्हणजे दोन नवरा-बायकोच्या जोड्या, आपापल्या सरीत तोडत असतात तेव्हा एकाचा श्वास दुसऱ्यापर्यंत पोहोचेतो अगदी विरळ झालेला असतो.

दिवस मावळला की चित्र पालटते. कोपी म्हणजे मजुरांची झोपडी: बांबूच्या कामट्या, चटया किंवा पाचट आणि वरून ताडपत्री. वाकून आत शिरायचे, खिडकी नाही. त्यात चार-पाच माणसे रात्रभर झोपतात. कोरोनाचा विषाणू हवेतल्या बारीक कणांत तीन तासांपर्यंत तग धरू शकतो, हे मार्च 2020 मध्येच प्रयोगशाळेत दिसले होते. ज्या जागेत हवा हलत नाही तिथे हे कण साचत जातात, आणि तिथे दोन हातांचे अंतर राखूनही फारसा उपयोग नसतो. ट्रकमध्ये दाटीवाटीने बसून केलेल्या रात्रभराच्या प्रवासातही तीच जोखीम. जर्मनीतही हेच दिसले. बव्हेरियातल्या मामिंग गावी काकडीच्या एका शेतावर जुलै 2020 मध्ये पूर्व युरोपातून आलेल्या 174 हंगामी मजुरांना लागण झाली. तिथेही सगळे मजूर शेतावरच एकत्र राहत होते.

विलगीकरणाच्या 14 दिवसांचे गणितही कोपीत बिघडते. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण पाच दिवस जातात, आणि ज्यांना लक्षणे येतात त्यांतल्या बहुतेकांना ती साडेअकरा दिवसांच्या आत दिसतात. म्हणून 14 दिवस. पण हा हिशेब एकट्या माणसाचा आहे. एकाच्या दहाव्या दिवशी कोपीतल्या दुसऱ्याला लागण झाली, तर त्या दुसऱ्याचे दिवस पुन्हा एकपासून मोजावे लागतात. उपाय एकच होता: अख्खी टोळी एक कुटुंब धरायची आणि बाहेरच्यांशी संपर्क तोडायचा. जर्मनीने मजुरांना कामावर ठेवूनच असे गट वेगळे केले होते. आपल्याकडे टोळी मुळातच तशी असते. किराणा आणि पिण्याचे पाणी जागेवर पोचवले असते, तर ते जमण्यासारखे होते.

हात धुण्याच्या सल्ल्याचे तसेच. साबण विषाणूभोवतीचे चरबीचे आवरण फोडतो आणि त्याला पाणी लागते तांब्याभर. पण प्रत्येक हंडा शेतकऱ्याच्या विहिरीवरून डोक्यावर आणायचा, आणि तो आणते कोण, तर दिवसभर मोळ्या वाहिलेली बाईच. तिने त्यातला एक तांब्या दर वेळी हातांवर ओतावा, हे सांगणे सोपे आहे.

बैलांचा विचार तर कोणी केलाच नाही. हंगामात उसाच्या शेंड्याचे वाढे हाच त्यांचा चारा, उरलेले विकून चार पैसेही सुटतात. तोड संपली की वाढे संपले. बैलजोडी सोडून बसने निघायचीही सोय नाही, कारण बहुतेकदा तीच सगळ्यात मोठी मालमत्ता.

शेवटी 17 एप्रिलला राज्य सरकारने 38 कारखान्यांच्या परिसरात अडकलेल्या सुमारे 1 लाख 31 हजार मजुरांना आरोग्य तपासणी करून घरी जाऊ द्यायचे ठरवले. टाळेबंदीला तोवर 24 दिवस होऊन गेले होते. ज्या टोळीत एवढ्या दिवसांत कोणी आजारी पडले नव्हते, तिच्यापासून गावाला धोका फार थोडा उरला होता. तरीही कितीतरी गावांनी वेशीवर बाभळीच्या फांद्या टाकल्या होत्या. भीतीपोटी टाकल्या, हे खरे. पण गावात मागे राहिलेली माणसे बहुधा म्हातारी, म्हणजे ज्यांना आजार सर्वांत जड जातो तीच. त्यामुळे ती भीती अगदीच खुळी म्हणवत नाही.

पुढल्या वर्षी लस आली आणि हंगामी स्थलांतर पुन्हा आडवे आले. मे 2021 मध्ये कोविशील्डच्या दोन मात्रांमधले अंतर 12 ते 16 आठवडे झाले. सप्टेंबरात गावी पहिली मात्रा घेतली, तर दुसरीच्या वेळी माणूस कोल्हापूरच्या नाहीतर बेळगावच्या फडात. दुसरी मात्रा देशात कुठेही घेता येत होती, पण नोंदणी ज्या मोबाइलवर झाली तो गावी पोराकडे राहिला असेल, तर ओटीपी तिकडेच जाणार. शिवाय लसीकरण केंद्राची वेळ आणि तोडीची वेळ एकच, आणि एक दिवस कोयता खाली ठेवला की तेवढी आगाऊ घेतलेली उचल फिटायची राहते.