पासवर्ड चोरीला गेला, पण कोणत्या रूपात?

जून २०१२ मध्ये रशियातल्या हॅकरांच्या एका अड्ड्यावर ६५ लाख ओळींची यादी आली. नाव नाही, ईमेल नाही, प्रत्येक ओळीत फक्त ४० आकडे-अक्षरांची एक माळ. त्यातल्या सुमारे ३५ लाख माळांची पहिली पाच स्थानं पुसून तिथे शून्यं टाकलेली होती. जाणकारांनी अर्थ लावला: हे पासवर्ड फोडून झालेत, उरलेल्यांसाठी मदत हवी आहे. यादी लिंक्डइन या नोकरी-व्यवसायाच्या ओळखी जुळवणाऱ्या साइटच्या सदस्यांची होती.

या माळेला हॅश म्हणतात. ग्राहकाचा पासवर्ड जसाच्या तसा न साठवता कंपनी तो एका गणिती जात्यातून काढते आणि पीठ तेवढं ठेवते. लिंक्डइनचं जातं होतं एसएचए-१. ‘पासवर्ड’ हा इंग्रजी शब्द सगळा लहान अक्षरांत लिहून त्यात टाकला तर माळ ५बीएए६१ अशी सुरू होते. पहिलं अक्षर मोठं केलं की ८बीई३सी९ अशी. एका अक्षराच्या फरकाने अख्खी माळ पालटते, आणि माळेवरून मूळ शब्दाकडे परत जायची वाट नाही. पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत, तसंच.

मग ते फुटले कसे? चोर पिठाचे गहू करायला बसतच नाही. तो स्वतः धान्य दळत सुटतो आणि पीठ जुळतं का ते पाहतो. लोकांचे आवडते पासवर्ड, शब्दकोशातले शब्द, मुलांची नावं, जन्मसाल, सगळं दळायचं. एसएचए-१ हे जातं मुळात वेगासाठीच बनवलेलं. गेम खेळायच्या संगणकातलं चांगलं ग्राफिक्स कार्ड तेव्हाही सेकंदाला सुमारे ३०० कोटी वेळा ते फिरवू शकत होतं. लहान अक्षरांच्या आठ अक्षरी पासवर्डच्या सगळ्या जुळण्या होतात सुमारे २०,९०० कोटी. भागाकार करून पाहा: ७० सेकंद.

त्यात आणखी एक मोठी चूक होती. मीठ घातलेलं नव्हतं. ‘सॉल्ट’ म्हणजे दळण्याआधी प्रत्येक ग्राहकाच्या पासवर्डमध्ये मिसळायची वेगळी, यदृच्छेने निवडलेली चिमूट. ती असली की दोघांचा पासवर्ड एकच असला तरी पीठ वेगळं पडतं, आणि चोराला प्रत्येकासाठी दळण नव्याने घालावं लागतं. लिंक्डइनची पूर्ण यादी २०१६ मध्ये बाहेर आली तेव्हा दिसलं की साडेसात लाखांहून जास्त लोकांचा पासवर्ड १२३४५६ होता. मीठ नसल्यामुळे या सगळ्यांची माळ तंतोतंत एकच. एक फुटली की साडेसात लाख दारं उघडी. बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेतल्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी मिठाची ही युक्ती १९७९ मध्ये छापून जगापुढे ठेवली होती. तेहेतीस वर्षं जुना, फुकट मिळणारा उपाय एवढ्या मोठ्या कंपनीत वापरात नसावा, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्याहून वाईट वाटतं ते पुढच्या चार वर्षांचं. २०१२ मध्ये कंपनीने जी खाती धोक्यात वाटली त्यांचे पासवर्ड बाद केले आणि बाकीच्यांना ‘बदललेला बरा’ असा सर्वसाधारण सल्ला दिला. मे २०१६ मध्ये त्याच चोरीतली १६ कोटी ७० लाख खाती विक्रीला आली. त्यातल्या ११ कोटी ७० लाखांसोबत पासवर्डचे हॅश होते, आणि या वेळी ईमेलही. आपण ६५ लाखांत नाही म्हणून निर्धास्त राहिलेली माणसं मुळात त्या चोरीत होतीच. तेव्हा कुठे जुने पासवर्ड सरसकट बाद झाले आणि लोकांना पत्रं गेली.

फाइली ऑनलाइन साठवून देणाऱ्या ड्रॉपबॉक्सचंही तसंच. दुसऱ्या साइटवरून चोरलेला पासवर्ड वापरून चोर २०१२ मध्ये एका कर्मचाऱ्याच्या खात्यात शिरले. ६ कोटी ८० लाख ग्राहकांचे हॅश गेल्याचं २०१६ मध्ये उघड झालं. पण इथे जवळपास निम्मे पासवर्ड बीक्रिप्टने दळलेले होते. नील्स प्रोव्होस आणि डेव्हिड माझिएर यांचं १९९९ मधलं हे जातं मुद्दाम जड केलेलं आहे. मीठ त्यात आपोआप पडतं आणि पाळू हवी तेवढी जड करता येते. चोराचा वेग सेकंदाला दहा हजारांवर उतरला, तर वरचं ७० सेकंदांचं काम आठ महिन्यांवर जातं, तेही एकेका ग्राहकासाठी. चोरी तीच, पण ग्राहकाच्या हातात आठ महिने.

म्हणून चोरीनंतरच्या पत्रात ‘आपले पासवर्ड सुरक्षित स्वरूपात साठवलेले होते’ हे वाक्य आलं की मला राग येतो. ७० सेकंद आणि आठ महिने, दोन्ही त्या एका वाक्यात मावतात.

भारतात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. डेटा फुटला तर काय, किती, केव्हा घडलं, परिणाम काय आणि ग्राहकाने काय करावं, हे त्याला विनाविलंब, सोप्या भाषेत कळवायचं आहे. हे कलम नियम आल्यापासून १८ महिन्यांनी लागू होतं. पासवर्ड कशाने दळला होता ते सांगा, असं त्यात वेगळं लिहिलेलं नाही. कंपनीने ते आपणहून लिहावं. मला हवं असलेलं पत्र असं असेल:

‘आपला पासवर्ड मीठ न घालता एसएचए-१ने साठवला होता. तो दहा अक्षरांहून लहान किंवा ओळखीचा शब्द असेल, तर फुटला असं धरून चाला. तोच पासवर्ड ईमेलला असेल तर आधी तिथला बदला, मग बँकेचा, मग आमच्याकडचा. या पत्रात आम्ही कुठलीही लिंक दिलेली नाही. लिंक असलेलं पत्र आमच्या नावाने आलं तर ते उघडू नका. आमचा पत्ता स्वतः टाइप करून या.’