चीक, गुंज आणि पांढऱ्या पेशी

नागपूरच्या आसपास गाय व्याली की खरवसाची वाट पाहणारे बरेच असतात. पण चिकावर पहिला हक्क वासराचा. गाईची प्रतिपिंडे, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिनं, वारेतून गर्भापर्यंत पोहोचत नाहीत, त्यामुळे वासरू जवळजवळ निःशस्त्र जन्मतं. आईची प्रतिपिंडे त्याला चिकातूनच मिळतात. तीही पहिल्या काही तासांत, कारण दिवसभरात त्याच्या आतड्याची ही दारं मिटतात. हल्ली ‘ट्रान्सफर फॅक्टर’ या नावाने गाईच्या चिकापासून बनवलेल्या कॅप्सूल विकल्या जातात. त्या नावाचा इतिहास मात्र वेगळ्या वाटेने आला आहे.

1890 मध्ये बेरिंग आणि कितासातो या शास्त्रज्ञांनी धनुर्वातापासून सुरक्षित केलेल्या सशाचं रक्तद्रव उंदरांना टोचलं आणि उंदीर वाचले. दोन वर्षांनी पॉल एर्लिख यांनी उंदरांची पिल्लं अदलाबदल करून दुसऱ्या आयांना लावली. काही आयांना ज्या विषांपासून सुरक्षित केलं होतं, ती आपल्या ओळखीच्या बियांतली होती: एरंड आणि गुंज. प्रतिकारक्षम आईचं दूध प्यालेली परकी पिल्लं वाचली. चिकाचं शास्त्र इथेच उलगडलं, असं मला वाटतं.

पण क्षयाच्या बाबतीत रक्तद्रव कामाला येईना. क्षयाचा संसर्ग झालेल्याच्या त्वचेत ट्युबरक्युलिन (क्षयाच्या जंतूंचा अर्क) टोचलं की एक-दोन दिवसांनी तिथे गाठ येते. ही प्रतिक्रिया रक्तद्रवातून दुसऱ्याकडे जात नव्हती. वाट सापडली न्यूयॉर्कमध्ये. रक्तगट शोधणारे लँडस्टायनर आणि त्यांचे सहकारी मेरिल चेस यांनी 1942 मध्ये रसायनाने संवेदनशील केलेल्या, म्हणजे त्या रसायनाला त्वचेवर प्रतिक्रिया देणाऱ्या, गिनीपिगच्या पेशी दुसऱ्या गिनीपिगला दिल्या, आणि संवेदनशीलताही सोबत गेली. त्यासाठी पेशी जिवंत हव्या होत्या. 1945 मध्ये चेस यांनी ट्युबरक्युलिनच्या बाबतीतही हेच दाखवलं.

शेरवूड लॉरेन्स यांनी 1949 मध्ये हा प्रयोग माणसांवर केला. ट्युबरक्युलिनला प्रतिक्रिया देणाऱ्यांच्या पांढऱ्या पेशी त्यांनी प्रतिक्रिया न देणाऱ्यांना टोचल्या, आणि घेणारेही प्रतिक्रिया देऊ लागले. पुढचं पाऊल खरं चक्रावणारं होतं. 1955 मध्ये त्यांनी पेशी फोडून नुसता अर्क दिला, तरी परिणाम दिसला. गिनीपिगमध्ये मेलेल्या पेशी निरुपयोगी, माणसात फोडलेल्याही चालतात, हे कोडंच होतं. अर्कातल्या त्या द्रव्याला लॉरेन्स यांनी ‘ट्रान्सफर फॅक्टर’ म्हटलं. ते इतकं लहान होतं की प्रतिपिंडांना अडवणाऱ्या पडद्यातून पार होई.

पुढच्या दशकांत जन्मजात प्रतिकारदोष असलेल्या मुलांवर आणि चिवट बुरशीसंसर्गावर तो वापरून पाहिला गेला. निकाल एकसारखे आले नाहीत. नेमका रेणू सर्वमान्यपणे हाती लागला नाही, आणि संशोधकांचं लक्ष सायटोकाइन (पेशींमधले निरोप नेणारी प्रथिनं) व मोनोक्लोनल प्रतिपिंडांकडे (प्रयोगशाळेत बनवलेल्या एकाच प्रकारच्या प्रतिपिंडांकडे) वळलं.

म्हणून कॅप्सूल विकत घेताना एवढा फरक ध्यानात ठेवावा: वासराला चिकातून मिळणारी प्रतिपिंडे हे पक्कं विज्ञान आहे, लॉरेन्स यांच्या अर्काची गोष्ट अर्ध्यावर थांबलेली आहे.