सरावाच्या बाणाचे टोक: भीमबेटका ते सराफा

इंदुरात मुलाला तिरंदाजीला घातले की काही महिन्यांत घरी यादी येते: शाफ्ट, म्हणजे बाणाच्या काड्या, अमुक स्पाइनचे (काडी किती वाकते त्याचे माप), टोके शंभर ग्रेनची (वजनाचे माप), बारा नग. धनुष्यावर घरात दोन दिवस चर्चा होते, टोकावर कोणी बोलत नाही. खरे तर ते सहा-साडेसहा ग्रॅमचे धातूचे तुकडेच ठरवतात की बाण कुठे लागेल आणि मॅटमधून, म्हणजे लक्ष्यामागच्या जाड गादीतून, अख्खा बाहेर येईल की नाही. शिकारीच्या किंवा लढाईच्या टोकाला आत शिरून नुकसान करायचे असते. सरावाच्या टोकाला आत शिरून परत यायचे असते, तेही दिवसाला शंभर-दीडशे वेळा. हा फरक लक्षात ठेवला की टोकांचा इतिहासही समजतो आणि दुकानातला गोंधळही कमी होतो.

माळव्यातल्या माणसाला या इतिहासासाठी लांब जावे लागत नाही. उज्जैनच्या विष्णु श्रीधर वाकणकरांनी १९५७ साली भोपाळजवळच्या भीमबेटक्याच्या गुहा उजेडात आणल्या. तिथल्या चित्रांत धनुष्य ताणलेले शिकारी आहेत. त्या काळातील लोक गारगोटीसारख्या दगडाच्या बारीक धारदार चिपा काडीला बसवून हत्यारे करत. अशी टोके एकदाच वापरायची; हाडाला लागली की तुटत, आणि जनावर पडले असेल तर त्याचे दुःख कोणाला नसे.

पुढे लोखंड आले आणि टोकांची वर्गवारीही आली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणात बाणांची मुखे तीन कामांची सांगितली आहेत: छेदन, भेदन आणि ताडन, म्हणजे कापणे, भोसकणे, ठोकणे. ती लोखंडाची, हाडाची किंवा लाकडाची. आजचे दुकानही याच तीन खणांत मांडता येते. पात्यांचे ब्रॉडहेड म्हणजे छेदन, निमुळती टार्गेट आणि फील्ड टोके म्हणजे भेदन, रबरी किंवा बोथट टोके म्हणजे ताडन. सरावाच्या मैदानावर ब्रॉडहेडला बंदी असते ती उगाच नाही: पाती मॅट चिरतात, आणि बाण उपसताना हातही.

वसिष्ठांच्या नावावरील धनुर्वेदसंहितेत तर टोकांची मोठी यादीच आहे: आरामुख, क्षुरप्र, अर्धचंद्र, सूचीमुख, भल्ल, वत्सदंत, काकतुंड. यातले आरामुख म्हणजे चांभाराच्या आरीसारखे. लक्ष्य साधायला सांगितलेले टोक मात्र गोपुच्छ, गाईच्या शेपटीसारखे निमुळते होत गेलेले. पाती नाहीत, काटे नाहीत. त्याच परंपरेत काडीचेही तीन प्रकार आहेत: पुढे जाड ती स्त्री, मागे जाड तो पुरुष, सारखी ती नपुंसक. पहिली लांब जाते, दुसरा घट्ट भेदतो आणि लक्ष्यासाठी तिसरी उत्तम. याला आजचे एफओसी, म्हणजे बाणाचा तोल मध्यापासून किती पुढे आहे त्याचे माप, म्हणणे हा ओढूनताणून लावलेला संबंध होईल. पण वजन काडीच्या कोणत्या भागात असावे हा प्रश्न तेव्हाच पडलेला होता, एवढे नक्की.

इंदूरहून पश्चिमेला झाबुआ-अलीराजपूरकडे गेले की भिल्लांची तीर-कामठी अजून दिसते, भगोरियाच्या हाटात तर मिरवलीच जाते. बांबूचे धनुष्य, बांबूच्याच चिपेची दोरी, लोखंडी फळ. तिरंदाजी महासंघाच्या ‘इंडियन राउंड’ प्रकारातही धनुष्य-बाण बांबू-लाकडाचेच असतात, अंतर ३० आणि ५० मीटर. अनेक मुलांची सुरुवात इथूनच होते.

लाकडी बाणांवर टोक बसवण्याची रीत ठरलेली आहे. काडीचा शेंडा ५ अंशांच्या उताराने तासायचा आणि त्यावर टोपीसारखे टोक चिकटवायचे. नॉककडचा, म्हणजे दोरीत अडकणाऱ्या मागच्या खाचेकडचा, उतार ११ अंशांचा. १९३९ मध्ये डग ईस्टन यांनी अ‍ॅल्युमिनियमचे बाण बनवले आणि टोक काडीवर बसण्याऐवजी नळीत शिरू लागले. त्यानंतर कार्बन आला, नळ्या बारीक होत गेल्या. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकला आलेल्या एक्स-१० शाफ्टची नळी मधे फुगीर आणि टोकांना निमुळती आहे. त्यात आटे बसवायला जागाच नाही, म्हणून लांब दांड्याचे चिकटवायचे टोक वापरतात. त्या दांड्यावर मागच्या बाजूला खाचा असतात. पकडीने एक तुकडा मोडला की १२० चे ११०, आणखी एक मोडला की १०० ग्रेन. मोडलेला तुकडा परत जोडता येत नाही, म्हणून आधी जड टोकानेच नेम पाहावा.

ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम. शंभर ग्रेन म्हणजे ६.४८ ग्रॅम, सोनाराच्या भाषेत सुमारे ५३ गुंजा. सराफ्यात मिळतो तो ०.०१ ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा या कामाला पुरेसा आहे. बाराही टोके तोलावीत. अर्ध्या ग्रेनपेक्षा, म्हणजे ०.०३ ग्रॅमपेक्षा जास्त फरक असलेली बाजूला काढावीत.

वजन कशाला मोजायचे? एक तर तोल. नॉकच्या खाचेपासून शाफ्टच्या शेवटापर्यंत बाण २९ इंच आहे आणि बोटावर तोलल्यावर खाचेपासून १८ इंचांवर स्थिर राहतो असे धरू. निम्मी लांबी १४.५; फरक ३.५, भागिले २९, म्हणजे १२ टक्के. हेच एफओसी. मैदानी रिकर्व्हला, म्हणजे टोके पुढे वळलेल्या ऑलिम्पिक धनुष्याला, ११ ते १६ टक्के चालते. कमी असेल तर वाऱ्यात बाण भरकटतो, फार जास्त असेल तर लांबवर लवकर खाली येतो. दुसरे कारण स्पाइन. टोक जड केले की सुटताना काडी जास्त वाकते, म्हणजे मऊ वागते. उजव्या हाताच्या रिकर्व्ह खेळाडूचा बिनपिसांचा बाण १८ मीटरवर पिसांच्या बाणांच्या डावीकडे लागत असेल तर काडी कडक पडते आहे. १० ग्रेन वाढवून पाहावे. उजवीकडे लागत असेल तर उलट. हे नेम मारण्याची पद्धत स्थिरावल्यावरच करायचे, नाहीतर रोज वेगळे उत्तर येते.

आकाराच्या बाबतीत सरावाला बुलेट, म्हणजे बंदुकीच्या गोळीसारखे गुळगुळीत टोकच बरे. फील्ड टोकाला अणकुचीच्या मागे पायरी असते. फोम किंवा गवताची मॅट ती पायरी धरून बसते. टोकाचा व्यास शाफ्टपेक्षा मोठा असला तर आणखी वाईट: बाण उपसताना फोम टोकामागे मिटतो आणि टोक आतच राहते. स्पर्धेचा नियमही इथे आहेच, शाफ्ट ९.३ मिलिमीटरपर्यंत आणि टोक ९.४ पर्यंत. जाड शाफ्ट १८ मीटरच्या इनडोअरला रेषेवरचा गुण मिळवून देतो, ७० मीटरवर मात्र वारा त्याला धरतो.

चिकटवण्याची चूक सर्वांत महाग पडते. नळीचे तोंड स्पिरिट लावलेल्या कापसाच्या काडीने पुसावे, वाळू द्यावे. टोकाची अणी पकडीत धरून दांडा स्पिरिटच्या दिव्यावर तापवावा, हॉट मेल्टची (तापवल्यावर वितळणाऱ्या डिंकाची) कांडी त्यावर फिरवावी आणि टोक गोल फिरवत नळीत ढकलावे. तापवायचे ते फक्त टोक. ज्योत कार्बनला लागली की आतले रेझिन खराब होते, बाहेरून काहीच दिसत नाही आणि पुढच्या एखाद्या नेमाला नळी टोकामागे फुटते. दांडा नळीत जाताना इतका गरम असू नये की डिंकाला बुडबुडे येतील. काढायचे असेल तर दर्शनी भाग थोडा थोडा तापवून दर वेळी ओढून पाहावे.

हॉट मेल्ट मऊ पडते, मे महिन्यात जरा जास्तच. दुपारी बंद गाडीत ठेवलेला बाणांचा भाता, त्यात फोमच्या घर्षणाची गरमी. उपसला तर हातात नुसती काडी. वाढत्या वयाच्या मुलाला इन्सर्टमध्ये, म्हणजे नळीत बसवलेल्या आट्यांच्या पुंगळीत, फिरवून बसणारी टोके सोयीची, त्यांचे आटे ठरलेल्या ८-३२ मापाचे असतात आणि वजन दोन मिनिटांत बदलते. पण बाण उपसताना पीळ दिला की ती सैल होतात. दर फेरीनंतर टोक बोटांनी घट्ट करावे. मॅटवर आदळताना किणकिण ऐकू आली तर ते सैल झालेलेच आहे. आणि मॅटमध्ये राहिलेले टोक त्याच दिवशी पकडीने खोदून काढावे, कारण पुढचा कार्बन बाण नेमका त्याच्यावर बसतो.