सनी बीच: गेटच्या आत चकाचक, गेटबाहेर खड्डे, हे असं कसं झालं

बल्गेरियातल्या सनी बीच ह्या समुद्रकाठच्या रिसॉर्टला जाऊन आलेल्यांचं बोलणं ऐकलंत तर एक गोष्ट हमखास जाणवते. हॉटेल मस्त, पूल स्वच्छ, पोरांना दिवसभर आइस्क्रीम, जेवण फार ग्रेट नाही पण भरपूर, बीच लांबलचक आणि पाणी उथळ, आणि हे सगळं स्पेनच्या मानाने कितीतरी कमी पैशात. एवढं झालं की तोच माणूस लगेच सुरू होतो, बाहेर पडलं की फुटपाथच्या फरश्या उखडलेल्या, एक दिवा चालू तर पुढचे बंद, दर वीस पावलांवर कोणीतरी मेनू कार्ड नाकासमोर धरतोय, टॅक्सीवाल्याने कापलं, पैसे बदलताना फसलो. आणि शेवटी "बल्गेरिया असाच आहे" म्हणून मोकळा. मला हे पटत नाही. बल्गेरिया असाच असता तर हॉटेलच्या आत पण असाच दिसला असता ना. ह्यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ नव्वदच्या दशकात हॉटेलं ज्या पद्धतीने विकली गेली त्यात आहे, त्यामुळे ह्या नोटमधे त्यावरच जास्त लिहिलंय.

आधीचं थोडक्यात. १९५८ साली सरकारी निर्णयाने इथे बांधकाम सुरू झालं, त्याआधी नेसेबर गावाच्या उत्तरेला नुसती वाळू आणि झुडपं होती (साप इतके होते की ते संपवायला साळिंदरासारखे काटेरी छोटे प्राणी, म्हणजे हेजहॉग, आणून सोडले अशी गोष्ट तिथे अजून सांगतात). कम्युनिस्ट सरकारला दोन गोष्टी हव्या होत्या, कामगारांना सुट्टी आणि पश्चिमेचं परकीय चलन. आराखडा मात्र चांगला होता हे मान्य करायला पाहिजे. हॉटेलांमधे भरपूर अंतर, मधे झाडं, पायवाटा, आणि वाळूच्या टेकड्या बऱ्यापैकी राखलेल्या. सगळं एकाच सरकारी मालकीचं, म्हणजे हॉटेलही त्यांचं, रस्त्यावरचा दिवाही त्यांचा आणि बागेतला माळीही त्यांचाच. १९६० च्या दशकात इथे गोल्डन ऑर्फियस हा गाण्यांचा महोत्सव सुरू झाला, पूर्व जर्मन, चेक, पोलिश लोक ट्रेनने आणि गाड्यांनी यायचे, पश्चिम जर्मन आणि ब्रिटिश विमानाने. बर्लिनच्या भिंतीमुळे ताटातूट झालेली जर्मन घरं इथे भेटायची, एक भाऊ पूर्वेकडून आलेला, दुसरा पश्चिमेकडून. पण पूर्वेकडच्या भावाला चलन मोजून मिळायचं म्हणून तो डिकीत खाण्याचे डबे भरून आणायचा, आणि वेटर आधी जायचा पश्चिम जर्मन मार्कवाल्या टेबलाकडे. स्वस्त कोणासाठी आणि महाग कोणासाठी हा भेद इथे तेव्हापासूनचा आहे.

मग १९८९ चा नोव्हेंबर, राजवट गेली, आणि पुढची काही वर्षं नुसता गोंधळ. पूर्वेकडचं जुनं गिऱ्हाईक आटलं, कारण त्या लोकांना आता स्पेन-इटली मोकळं झालं होतं. १९९६-९७ ला तर बँका बुडाल्या, लेव्ह हे बल्गेरियाचं तेव्हाचं चलन कोसळलं, फेब्रुवारी १९९७ ह्या एका महिन्यात किमती तिपटीहून जास्त वाढल्या. त्याच जुलैत लेव्हचा भाव जर्मन मार्कला कायद्याने बांधला, पुढे तोच युरोला, १ युरो म्हणजे १.९५५८३ लेव्ह. हा आकडा शेवटपर्यंत हलला नाही. ब्रिटिश माणसाला बल्गेरिया जे स्वस्त पडलं त्याचं एक मोठं कारण इथे आहे, २००० नंतरच्या काही वर्षांत एका पाउंडाला जवळपास ३ लेव्ह मिळायचे आणि इथले पगार युरोपात तळाचे.

आता मुद्द्याची गोष्ट. ह्याच सुमाराला सनी बीच विकायला काढलं. पण विकायचं म्हणजे काय विकायचं? पूर्ण रिसॉर्ट एकाच मालकाला द्यायचं, की हॉटेलं सुटी सुटी करून? काही रिसॉर्ट एकत्र राहिले, उत्तरेकडचं आल्बेना हे त्यातलं ठळक उदाहरण, तिथे हॉटेलं आणि परिसर एकाच कंपनीकडे राहिला आणि आजही तिथे गेलेले लोक "शांत आहे, हिरवं आहे" असंच सांगतात. सनी बीचला हॉटेलं एकेक करून विकली. ज्याला जे हॉटेल मिळालं त्याने ते घेतलं, कुंपण घातलं, काच लावली, पूल खणला. आणि मधलं जे उरलं, म्हणजे अंतर्गत रस्ते, पायवाटा, बागा, दिवे, ते सरकारचा बहुमताचा हिस्सा असलेल्या कंपनीकडे राहिलं. ह्या कंपनीकडे कमाई देणारी हॉटेलं नाहीत, पण झाडू मारायचं अंगण अख्खं तिच्याकडे.

बरं, नगरपालिका म्हणाल तर ती नेसेबरची. सनी बीच कागदावर गाव नाहीच, शहर पण नाही, राष्ट्रीय महत्त्वाची वसाहत असा काहीतरी वेगळाच दर्जा आहे, स्वतःचा महापौर नाही, कायमची वस्ती नगण्य. हॉटेलवाला कर भरतो नगरपालिकेला, खड्डा असतो कंपनीच्या रस्त्यात, बीच सरकारचा. पर्यटक पडला तर तक्रार कुठे करणार? नगरपालिका म्हणते रस्ता आमच्या नावावर नाही, कंपनी म्हणते आमच्याकडे पैसे नाहीत, हॉटेलवाले म्हणतात आम्ही कर भरतो ना. हे रस्ते आणि बागा नगरपालिकेला देऊन टाका ही मागणी वर्षानुवर्षं चालू आहे. विरोध करणारे म्हणतात एकदा पालिकेकडे गेलं की उरलेल्या हिरव्या तुकड्यांवर पण हॉटेलं चढतील, आणि पहिली बाजू म्हणते, मग आत्ता काय चढली नाहीत का? दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. सुट्या विक्रीच्या बाजूने एकच मुद्दा मला पटतो, तेव्हा देशाकडे पैसे नव्हते आणि पूर्ण रिसॉर्ट एकगठ्ठा घेणारा धड गिऱ्हाईक येईल ह्याची खात्री कोणी देऊ शकत नव्हतं. पण अंगणाची व्यवस्था न लावता घरं विकणं, ह्याला मी तरी नाइलाज म्हणणार नाही, तो निष्काळजीपणा होता. विकताना प्रत्येक हॉटेलकडून परिसराच्या देखभालीची सक्तीची वर्गणी लावता आली असती.

त्यानंतर आली २००१ ते २००८ ची बांधकामाची लाट. जुन्या हॉटेलांच्या मधली मोकळी जागा भरत गेली, मागच्या बाजूला अपार्टमेंटच्या रांगाच्या रांगा. त्या काळात गेलेल्यांच्या आठवणीत समुद्राइतक्याच क्रेन आहेत, सकाळी ७ ला ड्रिल सुरू, बाल्कनीतून समोरच्याचा सिमेंट मिक्सर. पुढे किनारपट्टीचा वेगळा कायदा झाला, २००८ पासून लागू, आणि मेच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर रिसॉर्टमधे बांधकाम बंद हा नियम बसला. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. २०१४ च्या सुरुवातीला नेसेबरजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर बांधकाम सुरू झाल्यावर राजधानी सोफियापर्यंत बोंबाबोंब झाली ती ह्याच रागातून.

अपार्टमेंट घेणारे सुरुवातीला ब्रिटिश आणि आयरिश, मग रशियन. तेव्हा परदेशी माणसाला बल्गेरियात जमीन नावावर घेता येत नव्हती, फ्लॅट चालायचा, बंगला हवा तर आधी बल्गेरियन कंपनी काढायची. १ जानेवारी २००७ ला देश युरोपियन युनियनमधे आला, आता भाव दुप्पट होणार म्हणून लोकांनी नुसत्या ब्रोशरवर बुकिंग केलं. २००८ ला मंदी आली आणि भाव आपटले. मागे राहिली ती मेंटेनन्स फी, चौरस मीटरला वर्षाला साधारण १० युरोच्या आसपास, पूल वापरा नाहीतर वापरू नका. आपल्याकडच्या सोसायटीचं मेंटेनन्स सभेत भांडून तरी ठरतं, इथे बऱ्याच ठिकाणी बिल्डरच्याच माणसाशी करार. त्यामुळे आज जे लोक स्वस्तात एखादा फ्लॅट आठवड्यासाठी भाड्याने घेतात, त्यांना कधी लिफ्ट बंद मिळते, कधी पूल कोरडा मिळतो. बहुतेक वेळा त्याच्यामागे हे फीचं भांडण असतं, बुकिंग करणाऱ्याला ते कोणी सांगत नाही.

ऑल इन्क्लुझिव, म्हणजे खोलीच्या पैशातच सगळं खाणं-पिणं, हा दुसरा धागा. इथला सीझन जेमतेम साडेतीन महिन्यांचा, जून ते सप्टेंबरचा मध्य, हिवाळ्यात बहुतेक हॉटेलांना कुलूप. मालकावर कर्ज, त्याला हिवाळ्यातच ॲडव्हान्स हवा, तो परदेशी टूर कंपन्या देतात आणि त्या बदल्यात खोल्या घाऊक भावात उचलतात. पाहुणा मनगटावर पट्टी बांधून आत जेवतो, आतच पितो. मग बाहेरच्या रेस्टॉरंटवाल्याने काय करायचं? तो दारात पोरं उभी करतो ओढायला. फ्लॉवर स्ट्रीट ह्या तिथल्या रेस्टॉरंटांच्या रस्त्यावर संध्याकाळी चालताना जो त्रास होतो त्याचं अर्थशास्त्र माझ्या मते एवढंच आहे. गोव्यात कलंगुट-बागाला चार्टरवाले ब्रिटिश आणि रशियन ज्यांनी पाहिलेत त्यांना हा सगळा प्रकार ओळखीचा वाटेल, गिऱ्हाईक बऱ्याच अंशी त्याच वर्गातलं.

पैसे बदलायच्या टपऱ्यांबद्दल न लिहून चालणार नाही. पिवळा बोर्ड, मोठ्या अक्षरात "कमिशन शून्य", खाली मोठ्या आकड्यात एक भाव. २०२५ पर्यंत लेव्ह होता तेव्हाचं उदाहरण घ्या, समजा पाउंडाला २.२० लिहिलंय. तुम्ही १०० पाउंड सरकवता, काचेखालून पावती येते, सही करा म्हणतात, तुम्ही करता, आणि हातात येतात १६० लेव्ह. बोर्डावरचा मोठा आकडा त्यांच्या विक्रीचा असतो, खरेदीचा भाव कोपऱ्यात बारीक, किंवा चांगला भाव फक्त मोठ्या रकमेला. सही झाली की संपलं, पोलीस पण पावती बघून खांदे उडवतात. टॅक्सीचं असंच, काचेवर रेटचं स्टिकर असतं, ते न वाचता बसलात तर मीटर "बरोबर" चालतो, फक्त किलोमीटरचा दर भलताच असतो. माहीतगार लोक नेसेबरला जायला बस किंवा ती टुरिस्टांची छोटी ट्रेन पकडतात, आणि पैसे बँकेच्या मशीनमधून काढतात, तेही मशीनने दाखवलेला पाउंडातला भाव नाकारून.

बीचवरचा वाद वेगळा. समुद्रकिनारा घटनेनुसार सरकारी, तो तुकड्या-तुकड्यांनी काही वर्षांसाठी ठेक्याने दिला जातो. ठेकेदार छत्र्या आणि खाटा लावून पैसे घेतो, पण किमान अर्धी जागा स्वतःचा टॉवेल टाकणाऱ्यांसाठी मोकळी ठेवायची असा नियम आहे. कागदावर अर्धी, प्रत्यक्षात पाण्याजवळची पहिली ओळ कोणाची हे तुम्ही सकाळी कितीला जाता त्यावर. पाण्याकाठी उकडलेली कणसं विकणारे ओरडत फिरतात, मीठ लावलेलं गरम कणीस, आणि टपरीवर त्सात्सा म्हणजे बोटभर लांबीचे तळलेले मासे, काट्यासकट खायचे, सोबत बिअर. ज्यांनी पट्टी काढून दोन दिवस असं बाहेर खाल्लंय त्यांची मतं बल्गेरियाबद्दल बरीच मवाळ असतात असं माझं निरीक्षण.

ह्या अलीकडच्या वर्षांत धक्के पण बसले. १८ जुलै २०१२ ला जवळच्या बुर्गास विमानतळाच्या पार्किंगमधे इस्रायली पर्यटकांच्या बसवर बॉम्बहल्ला झाला, ५ पर्यटक आणि बल्गेरियन ड्रायव्हर गेले, इस्रायली गर्दी एकदम ओसरली. २०१४ च्या शेवटी रूबल पडला तेव्हा रशियनांनी फ्लॅट विकायला काढले, २०२२ ला विमानंच बंद झाली, आणि त्याच वसंतात ह्याच किनाऱ्यावरच्या हॉटेलांत युक्रेनमधून पळून आलेल्या बायका-पोरांची सोय केली होती, सीझन तोंडावर आल्यावर त्यांना हलवायचं कसं ह्यावरून पुन्हा गदारोळ. आता रोमानियन आणि पोलिश पर्यटक गाड्या घेऊन येतात, १ जानेवारी २०२५ पासून शेंगेनमुळे (युरोपातल्या देशांचा आपसातली सीमा-तपासणी काढून टाकायचा करार) रोमानियाच्या सीमेवरची रांग पण गेली.

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी पण ह्यात बदल आहे. २०१२ पासून शेंगेन व्हिसावर बल्गेरियात शिरता यायचं पण ते दिवस वेगळे मोजले जायचे, म्हणून काही जण शेंगेनचे दिवस वाचवायला इथे येऊन राहायचे. ३१ मार्च २०२४ पासून विमान आणि समुद्रमार्गे बल्गेरिया शेंगेनमधे आला, तेव्हापासून इथले दिवस पण शेंगेनच्या त्याच ९० दिवसांत मोजले जातात. लंडन-मँचेस्टरच्या आपल्या मंडळींना शेजारचा ब्रिटिश नुसता पासपोर्ट घेऊन निघालेला दिसतो, ह्यांना मात्र आधी अपॉइंटमेंट, मग फिंगरप्रिंट, आणि त्या खर्चात स्वस्त पॅकेजचा अर्धा फायदा जातो.

आणि १ जानेवारी २०२६ ला युरो आला. ब्रिटनमधल्या एका वार्षिक सर्व्हेत हे ठिकाण मागच्या दशकात बऱ्याचदा सगळ्यात स्वस्त ठरलं होतं, त्यामुळे "युरो आला, आता संपलं" असं म्हणणारे भरपूर भेटतील. पण लेव्ह तर १९९७ पासून बांधलेलाच होता, मेनूवरच्या किमती चढल्या त्या आधीच, पगार वाढले म्हणून आणि वेटर मिळेना म्हणून, हल्ली मध्य आशियातून सीझनपुरती माणसं आणावी लागतात. युरोने एक काम मात्र सरळ केलं, जर्मन आणि आयरिश माणसाला आता त्या पिवळ्या बोर्डासमोर उभं राहायची गरज नाही. पाउंडवाल्यांनी अजूनही कोपऱ्यातला बारीक आकडा वाचूनच पैसे सरकवावेत.