अष्टपैलू सेंटर आणि 'कॅप'चा गुंता

बझरबीटर या ऑनलाइन बास्केटबॉल मॅनेजर गेममध्ये सात फुटी पोराला पासिंग शिकवायचं, तर त्याला सामन्यात पॉइंट गार्डच्या, म्हणजे चेंडू पुढे आणणाऱ्याच्या जागी खेळवावं लागतं. आठवड्याचं पूर्ण ट्रेनिंग पदरात पडायला त्या जागेवर 48 मिनिटं भरावी लागतात. हातात चेंडू टिकत नाही, समोरचा चपळ गार्ड सहज निसटतो, आणि सामना बहुतेक वेळा जातो. हा तोटा मॅनेजर हौसेने सोसत नाहीत. अष्टपैलू सेंटरची, म्हणजे बास्केटखाली खेळणाऱ्या उंच खेळाडूला बाहेरचीही कौशल्यं देण्याची कल्पना पगारपत्रकातून आली.

हा गेम 2007च्या सुमाराचा. घाट 1997च्या हॅट्रिक या स्वीडिश फुटबॉल मॅनेजर गेमचा: आठवड्याला एक ट्रेनिंग, फळ दिसायला कित्येक सीझन. सुरुवातीच्या काळात उंच खेळाडू घडवण्याचा सरधोपट मार्ग एकच होता. पॉवर फॉरवर्ड आणि सेंटर या बास्केटजवळच्या दोन जागा धरायच्या, इनसाइड शॉट, इनसाइड डिफेन्स आणि रिबाउंडिंग आलटून पालटून द्यायचं, सामन्यात 'लुक इनसाइड' हा आतून खेळायचा डाव लावायचा. आठवड्याच्या तीन सामन्यांत दोन जागा म्हणजे 288 मिनिटं, त्यात सहा पोरं पूर्ण ट्रेन व्हायची. जिंकायलाही ते पुरत होतं.

अडचण यायची ती चौदा आठवड्यांचा सीझन सरला की. पगार सीझनमधून एकदाच नव्याने ठरतो, आणि तो सरळ रेषेत वाढत नाही. एखादं कौशल्य आठाचं नऊ झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. पंधराचं सोळा झालं की आकडा उडी मारतो. फक्त आतल्या कौशल्यांच्या जोरावर उभा राहिलेला सेंटर नव्या सीझनला आठवड्याला लाखांत पगार मागायचा. त्याला ठेवणं परवडेना, आणि पगार बघून गिऱ्हाईकही फिरकेना.

इथे 'कॅप', म्हणजे खेळाडूच्या वाढीची मर्यादा, हा शब्द येतो, आणि तो आजही बरेच लोक चुकीचा वापरतात. ही मर्यादा खेळाडूच्या पोटेन्शियलवरून ठरते, आणि पोटेन्शियल म्हणजे एकेका कौशल्याची कमाल मर्यादा, असा समज फार पसरला. तसं नाही. 'ऑलस्टार' पातळीच्या पोटेन्शियलच्या खेळाडूला रिबाउंडिंग अमुक अंकापुढे जाणारच नाही, असा नियम कुठेच नाही. ही मर्यादा पगारासारखीच मोजली जाते: प्रत्येक जागेच्या हिशेबात खेळाडूची किंमत काढायची, आणि ज्या जागेवर ती सर्वांत जास्त भरेल ती धरायची. ती मर्यादेला टेकली की ट्रेनिंग एकदम बंद पडत नाही, पण इतकं मंदावतं की पुढचे आठवडे वाया गेल्यात जमा.

समजायला दोन काल्पनिक सेंटर घेऊ. पहिल्याचं इनसाइड शॉट 16, इनसाइड डिफेन्स 16, रिबाउंडिंग 15, शॉट ब्लॉकिंग 10, आणि बाहेरची सहाही कौशल्यं (हँडलिंग, पासिंग, ड्रायव्हिंग वगैरे) 4. बेरीज 81. दुसऱ्याचं त्याच क्रमाने 14, 14, 13, 8, आणि बाहेरची सहाही 8. बेरीज 97. बेरीज सोळाने जास्त असूनही दुसरा स्वस्त पडतो आणि मर्यादेपासून लांब राहतो, कारण सेंटरच्या हिशेबात बाहेरच्या आठांना फारसं वजनच नाही आणि गार्डच्या हिशेबात ते आठ अगदीच सामान्य. तेव्हा 'कॅप लागला' म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारावा: कुठल्या जागेच्या हिशेबात?

'संतुलित' या शब्दानेही घोळ घातला. क्रिकेटमुळे अष्टपैलू म्हटलं की आपल्याला दोन्हीकडे सारखा चालणारा खेळाडू डोळ्यांसमोर येतो. इथे तसा अर्थ घेऊन दहाही कौशल्यं अकरावर आणली तर हाती येतो तो कुठल्याच जागेचा धड नसलेला माणूस. आतली कौशल्यं वरचढ हवीतच. बाहेरची असतात ती चेंडू गमावू नये, मोकळ्या माणसाला पास जावा, थोड्या अंतरावरून बास्केट पडावी यासाठी. पूर्ण मैदानभर दबाव टाकणाऱ्या फुल कोर्ट प्रेसपुढे हँडलिंग 4 असलेला सेंटर किती वेळा चेंडू गमावतो ते बॉक्स स्कोअरमध्ये दिसतंच.

खरा वाद कुठलं कौशल्य आधी द्यायचं, या क्रमाचा. गेममधल्या एकविशीखालच्या राष्ट्रीय संघांना ताबडतोब खेळणारा सेंटर हवा असतो, म्हणून आतली कौशल्यं आधी द्या असा त्यांचा आग्रह. क्लबच्या बाजूने बघितलं तर हे उलटं आहे, आणि माप क्लबच्याच पारड्यात पडायला हवं. उंच खेळाडू बाहेरची कौशल्यं हळू शिकतो आणि वयाबरोबर शिकण्याचा वेग घटतो. तेव्हा जे अवघड ते अठरा-एकोणिसाव्या वर्षीच उरकावं. आतली कौशल्यं तो पुढेही भराभर उचलतो, आणि ती उशिरा दिली तर पगारही उशिरा चढतो. शिवाय एकमेकांशी जोडलेली कौशल्यं एकमेकांना ओढतात: हँडलिंग अगदी तळाला असेल तर ड्रायव्हिंग अडखळतं.

म्हणून निवड ड्राफ्टपासूनच, म्हणजे नवे पोरगे संघात घेतानाच सुरू होते. उंचीचा सामन्यात काही उपयोग नाही, ती फक्त ट्रेनिंगचा वेग ठरवते. सात फुटांच्या वरच्यापेक्षा सहा फूट आठ ते दहा इंचांचा पोरगा या कामाला बरा. सुरुवात फॉरवर्ड्सच्या 'वन ऑन वन' या ट्रेनिंगने करावी. त्यात तो पॉवर फॉरवर्डलाच खेळतो, हँडलिंग-ड्रायव्हिंग वाढतं आणि सामनाही हातचा जात नाही. पासिंग आणि आउटसाइड डिफेन्ससाठी मात्र गार्डच्या जागेला पर्याय नाही. ते आठवडे सीझनच्या अशा टप्प्यावर काढावेत, जिथे लीगमधली एक हार सोसवेल.

मिनिटं बुडतात ती बहुधा फाउलमुळे. चुकीच्या जागी उभा असलेला पोरगा सहा फाउल करून तिसऱ्या क्वार्टरलाच बाकावर बसतो. डेप्थ चार्टमध्ये, म्हणजे कोण कुठे खेळणार त्या यादीत, त्या जागेचा राखीव रिकामा ठेवला तर इतर कारणांनी तो सहसा बाहेर जात नाही. फाउल आणि दुखापतीवर इलाज नाही. म्हणून 48 मिनिटांचा हिशेब एकाच सामन्यावर सोडू नये, स्क्रिमेजमध्ये, म्हणजे सरावाच्या सामन्यात, थोडी भर ठेवावी. पण आठवड्याची बेरीज ऐंशीच्या वर गेली की गेम शेप, म्हणजे खेळाडूचा फॉर्म, घसरतो, आणि तो परत आणायला पुढचे दोन-तीन आठवडे जातात.